राजकीय हिंसा का नाकारायची? कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

श्रीवर्धन, म्हसळा, महाड, दापोली, मालवण या भागांतल्या शाळा, वाचनालयं, कोळीवाडे आणि मोहल्ले इथे दहशतवाद आणि राजकीय हिंसा या विषयावर बोलायला जातो. बोलणं संपल्यावर प्रश्न येतात आणि नंतर फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपवर येतच राहतात. बरेचसे प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. कुठलंही उत्तर सुटं वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे. काही उत्तरांत माझं मत आहे. ते लपवलेलं नाही.

१. दहशतवाद म्हणजे नेमकं काय? कायद्याची भाषा नको, साधं सांगा.

भांडणाशी ज्यांचा काडीचा संबंध नाही अशा माणसांना मारायचं, म्हणजे उरलेले घाबरतील आणि त्या भीतीच्या जोरावर आपली राजकीय किंवा धार्मिक मागणी रेटता येईल, हा दहशतवाद. मरणारा कोण होता, त्याने आयुष्यात काय केलं, कोणाला मत दिलं, याला मारणाऱ्याच्या लेखी शून्य किंमत असते. १९९३ मध्ये सेंच्युरी बाजारसमोरून चाललेल्या बसमधला प्रवासी असो की २००८ मध्ये सीएसटीवर गावच्या गाडीची वाट बघत सामानावर बसलेलं कुटुंब असो, त्यांना कोणी निवडून मारलं नव्हतं. ते तिथे होते, एवढंच.

कायद्यात याची व्याख्या बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याच्या (यूएपीए) कलम १५ मध्ये आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११३ मध्येही ती आली आहे. जगाचं मात्र अजून एकमत नाही. भारताने १९९६ मध्ये संयुक्त राष्ट्रांत दहशतवादाविरुद्धच्या सर्वंकष कराराचा मसुदा मांडला, आणि इतक्या वर्षांनंतरही व्याख्येवरच घोडं अडलं आहे. का अडलं, त्याचा अंदाज प्रश्न ९ वाचून येईल.

२. दहशतवाद आणि राजकीय हिंसा एकच का?

नाही. राजकीय हिंसा हे मोठं वर्तुळ आणि दहशतवाद त्याच्या आतला एक भाग. दंगल, नेत्याचा किंवा विचारवंताचा खून, निवडणुकीत विरोधी उमेदवाराच्या माणसांना गाठून हातपाय मोडणं, ग्रामपंचायतीत कोणी अर्जच भरू नये म्हणून घरी जाऊन दिलेली धमकी, हे सगळं राजकीय हिंसेत मोडतं. बॉम्बचा निषेध सगळेच करतात. धमकीचा विषय निघाला की मात्र ‘अहो, राजकारणात चालतंच’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. माझं म्हणणं असं की चालवून घेण्याची सवय तिथूनच लागते.

३. हे सगळं मुंबईचं आणि काश्मीरचं. कोकणाचा याच्याशी संबंध काय?

फार जवळचा आहे. तो नीट माहीत नसतो म्हणून जरा लांबण लावतो.

१२ मार्च १९९३ रोजी मुंबईत साखळी बॉम्बस्फोट झाले. शेअर बाजार, एअर इंडियाची इमारत, झवेरी बाजार, दादरचं प्लाझा, सेंच्युरी बाजार, पासपोर्ट कार्यालय अशा ठिकाणी मिळून २५७ माणसं मेली. ज्या मालाने ती मेली तो आपल्या किनाऱ्यावर उतरला होता. जानेवारीत दिघीला एक खेप आली आणि फेब्रुवारीत शेखाडीला शस्त्रं आणि आरडीएक्स उतरलं. म्हसळ्याजवळच्या सांधेरीच्या डोंगरात हत्यारं चालवण्याचा सराव झाला. हे सगळं न्यायालयात सिद्ध झालेलं आहे.

त्यातली एक गोष्ट मी प्रत्येक ठिकाणी सांगतो. दिघीची खेप घेऊन निघालेल्या गाड्या पोलिसांनी गोंडघर फाट्यावर अडवल्या. अडवल्या म्हणजे तिथेच सगळं संपायला हवं होतं. त्याऐवजी रस्त्यावर उभं राहून सौदा झाला. ठरलेली सगळी रक्कम त्या वेळी जवळ नव्हती, म्हणून उरलेल्या पैशांपोटी चांदीच्या विटा तारण ठेवून घेतल्या गेल्या आणि गाड्या सोडल्या. पुढे पोलीस आणि कस्टमची माणसं दोषी ठरली, शिक्षा भोगायला तुरुंगात गेली. मार्च २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या खटल्यात अंतिम निकाल दिला.

आपल्या किनाऱ्यावर त्याआधी कित्येक वर्षं चोरटं सोनं, चांदी, घड्याळं, कापड उतरत असे. माल उतरवणाऱ्याला रोजापेक्षा चार पैसे जास्त मिळत, बघणारा बघून न बघितल्यासारखं करी, आणि चौकीवरचा आपला वाटा घेऊन झोपे. या व्यवस्थेत कोणालाच कोणाचा जीव घ्यायचा नव्हता. पण ज्याला घ्यायचा होता त्याला वाट, होडी, हमाल आणि मिटलेले डोळे आयते मिळाले.

दुसरा संबंध २६ नोव्हेंबर २००८ चा. कराचीहून समुद्रमार्गे आलेल्या दहा जणांनी ‘कुबेर’ ही पोरबंदरची मासेमारी नौका ताब्यात घेतली, तिच्या तांडेलाकडून (नौकेच्या प्रमुखाकडून) ती मुंबईपर्यंत चालवून घेतली आणि किनारा टप्प्यात आल्यावर त्याला मारून टाकलं. त्या हल्ल्याच्या मृतांत मुंबईच्या आधी नाखवा-खलाशांची नावं येतात, हे आपण दर्यावर जाणाऱ्यांनी तरी विसरू नये. तिथून पुढे रबरी बोटीतून ते बधवार पार्कच्या मच्छीमार वस्तीत उतरले. १६६ माणसं मेली.

४. आमच्या तालुक्याचं नाव सांगितलं की अजूनही लोक टोमणा मारतात. दाऊदचं गाव आमच्या शेजारी आहे. काय उत्तर द्यावं?

हा प्रश्न श्रीवर्धनमधून येतो, तसाच खेडमधूनही येतो. दाऊद इब्राहिमचं मूळ गाव मुंबके, खेड तालुक्यात. तिथली त्याच्या कुटुंबाची मालमत्ता सरकारने जप्त करून लिलावात काढली. ही खरी माहिती आहे, लाजून दडवू नये. त्याच माणसाचा बाप मुंबई पोलिसांत हवालदार होता, हेही तितकंच खरं आहे. एका घरातून दोन वाटा फुटू शकतात, मग अख्ख्या गावाला एकाच्या नावाने ओळखण्यात काय हशील?

मुलाखतीला गेलेल्या पोराला गावावरून परत पाठवणं, भाड्याने खोली नाकारणं, हे प्रकार घडतात. मला ते सरळसरळ अन्यायाचे वाटतात. मारणाऱ्याने माणूस न बघता मारलं आणि आपण माणूस न बघता नाकारलं. फरक परिणामात आहे, विचार करण्याच्या पद्धतीत फार नाही.

५. खरं सांगा, दहशतवादाला धर्म असतो की नसतो?

करणारा धर्माचं नाव घेतो, हे नाकारून चालत नाही. १९९३ आणि २६/११ च्या हल्ल्यांत ते नाव इस्लामचं होतं. ४ जून २००८ रोजी ठाण्याच्या गडकरी रंगायतनच्या आवारात स्फोट झाला, त्याच्या काही दिवस आधी वाशीच्या भावे नाट्यगृहात बॉम्ब ठेवला गेला, कारण एका नाटकाने देवाधर्माचा अपमान झाला असं काहींना वाटलं. तिथे नाव हिंदू धर्माचं होतं. गडचिरोलीत माओवाद्यांनी खबऱ्या ठरवून मारलेल्या आदिवासींच्या बाबतीत तर देवाचं नावच नाही, क्रांतीचं आहे.

म्हणून धर्म कोणता यापेक्षा मी दुसरी गोष्ट बघतो. त्याच धर्माची बाकीची माणसं त्या कृत्याला काय म्हणतात? २६/११ नंतर मेलेल्या नऊ हल्लेखोरांना आपल्या कबरस्तानात जागा द्यायला मुंबईच्या मुसलमानांनी नकार दिला. प्रेतं वर्षभर शवागारात पडून राहिली आणि जानेवारी २०१० मध्ये सरकारने ती गुपचूप पुरली. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामला पर्यटकांना धर्म विचारून मारलं, सव्वीस जण गेले, त्यांत आपल्या डोंबिवलीचे तिघे होते. त्या सव्वीसांत एक स्थानिक घोडेवाला मुसलमान होता. तो पर्यटकांना वाचवायला पुढे झाला म्हणून मारला गेला.

आपल्याकडचा कोकणी मुसलमान घरात जी बोली बोलतो ती तुमच्या-माझ्या आजीची बोली आहे. कराचीतल्या कोणीतरी केलेल्या गोष्टीचा खुलासा त्याने दर वेळी सकाळी चहाच्या टपरीवर का द्यायचा?

६. समुद्रात किंवा किनाऱ्यावर काही संशयास्पद दिसलं तर कोणाला सांगायचं?

सागरी पोलिसांची मदतवाहिनी १०९३, तटरक्षक दलाची १५५४, आणि काहीच आठवलं नाही तर ११२. अनोळखी नौका, बंदी असताना रात्री किनाऱ्याला लागलेली होडी, वाळूत पुरलेलं किंवा वाहून आलेलं पेटार, खलाशांत कोणालाच न ओळखणारी माणसं, हे सांगण्याजोगं आहे. वस्तूला हात लावू नका, फोटो गटात टाकू नका (का ते प्रश्न ७ मध्ये). बंदरावर सागर सुरक्षा दलाचे सदस्य असतात, त्यांना सांगितलं तरी चालतं.

ओळखपत्रं तपासायला गस्तीची नौका जाळं सोडलेलं असताना आडवी येते, तास मोडतो, अशी तक्रार नाखवे करतात. तक्रार रास्त आहे. पण बधवार पार्कला उतरलेल्या त्या पोरांना पहिल्यांदा हटकलं ते मच्छीमार वस्तीतल्या माणसांनीच. नवीन माणूस आणि नवीन बोट कोळ्याच्या नजरेला जितकी पटकन कळते तितकी रडारलाही कळत नाही.

७. गटात आलेली बातमी पुढे पाठवायची की नाही? सावध करणं चूक आहे का?

हरिहरेश्वरचं उदाहरण घ्या. १८ ऑगस्ट २०२२ रोजी तिथे एक बेवारस नौका लागली, आत तीन एके-४७ आणि काडतुसं सापडली. दहीहंडी आणि गणपती तोंडावर होते. तासाभरात सगळ्या गटांत ‘अतिरेकी उतरले’ असं फिरायला लागलं, किती उतरले त्याचे आकडेसुद्धा आले. संध्याकाळपर्यंत विधिमंडळात खुलासा झाला की नौका एका ऑस्ट्रेलियन महिलेच्या मालकीची, मस्कतहून युरोपकडे निघालेली, इंजिन बिघडल्याने सोडून दिलेली आणि भरकटत आलेली होती. ज्याने नौका बघून पोलिसांना कळवलं त्याने कर्तव्य केलं. ज्याने आकडे बनवले त्याने श्रीवर्धनच्या रस्त्यांवर त्या दिवशी जी भीती होती ती वाढवली, आणि भीती पसरवणं हेच तर दहशतवाद्याचं काम असतं.

मार्च २०२५ मध्ये राजापुरात शिमग्याच्या मिरवणुकीची चित्रफीत अशीच देशभर फिरली. होळीचा माड मशिदीच्या पायऱ्यांपर्यंत नेण्याची जुनी रीत आहे, हे माहीत नसलेल्या लोकांनी तिला हल्ल्याचं रूप दिलं. घोषणाबाजीचा भाग होता, पोलिसांनी गुन्हाही नोंदवला. पण जे सांगितलं गेलं ते तसं नव्हतं. हजार किलोमीटरवरून निखारे टाकणाऱ्याला राजापूरकरांना एकमेकांच्या दारावरून रोज जायचं असतं याची फिकीर नसते.

तेव्हा नियम एकच ठेवा. यंत्रणेला आधी, गटाला नंतर, आणि स्वतः न बघितलेलं कधीच नाही.

८. ‘आधी दंगल झाली, म्हणून स्फोट झाले’ यात चूक काय आहे?

कारण सांगण्यात चूक नाही. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या मुंबईतल्या दंगलीत सुमारे नऊशे माणसं मेली, त्यांत मुसलमान जास्त होते. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने १९९८ च्या अहवालात दंगलीचा आणि स्फोटांचा संबंध स्पष्ट मांडला. स्फोटांच्या खटल्यात शंभर जण दोषी ठरले आणि दंगलीच्या खटल्यांत मात्र फार थोड्यांना शिक्षा झाली, ही सल अनेक घरांत आजही आहे. ती खरी आहे, तिच्याबद्दल बोलायला कोणी लाजू नये.

चूक होते ती ‘म्हणून’ या शब्दावर थांबून पुढचं न विचारण्यात. दंगलीत ज्यांनी घरं जाळली ते १२ मार्चला झवेरी बाजारात उभे होते का? तिथे हमाल होते, कारकून होते, गिऱ्हाइकं होती, मुसलमानही होते. सूड घेणाऱ्याला गुन्हेगार सापडत नाही, म्हणून तो हाताला लागेल त्याला मारतो आणि त्याला न्याय म्हणतो.

हे एकाच बाजूला लागू नाही. ३० जानेवारी १९४८ ला नथुराम गोडसेने गांधीजींना मारलं, तो ब्राह्मण होता म्हणून सातारा-सांगली-कोल्हापूरकडे ब्राह्मणांची घरं जाळली गेली. त्या जळालेल्या वाड्यांतल्या किती जणांनी पिस्तूल बघितलं होतं? त्याच वेळी दापोली तालुक्यातल्या पालगडचे साने गुरुजी एकवीस दिवसांच्या उपोषणाला बसले. ज्या समाजातून मारेकरी निघाला त्याच समाजातल्या माणसाने दुसऱ्याचं घर न जाळता स्वतःच्या देहाला त्रास घेतला. उपोषणाने काय होतं, असं विचारणारे तेव्हाही होते. पण त्या फेब्रुवारीत महाराष्ट्रात सूड म्हणून काय काय चाललं होतं ते बघता मला ते उपोषण फार मोलाचं वाटतं.

९. मग वासुदेव बळवंत, अनंत कान्हेरे यांना काय म्हणायचं? तेही आपल्याच मातीतले.

सगळ्यांत जास्त वेळा आणि सगळ्यांत जास्त रागाने विचारला जाणारा प्रश्न हाच आहे. वासुदेव बळवंत फडके पनवेलजवळच्या शिरढोणचे. कान्हेरे खेड तालुक्यातल्या आयनीचे. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या नाट्यगृहात त्यांनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या आणि कोवळ्या वयात फासावर गेले.

त्यांना १९९३ च्या लोकांच्या रांगेत बसवणं मला मान्य नाही. त्यांनी गर्दीत बॉम्ब ठेवला नाही. ज्याला ते जुलमी राज्याचा प्रतिनिधी मानत त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि त्याची किंमत स्वतः मोजली. त्या काळी मतपेटी नव्हती, सरकार बदलायची दुसरी सोय नव्हती. या तीन गोष्टी मोठ्या आहेत.

पण तेवढ्यावरून ‘उद्देश चांगला असेल तर खून चालतो’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांशीही माझं भांडण आहे. उद्देश आपलाच चांगला, असं प्रत्येक मारणाऱ्याला वाटतं. खुद्द भगतसिंगांनी फेब्रुवारी १९३१ मध्ये, फाशीच्या आधी काही आठवडे, तुरुंगातून तरुण कार्यकर्त्यांना लिहिताना बॉम्बचा मार्ग निरुपयोगी आहे, काम शेतकरी-कामगारांत जाऊन करायला हवं, असं बजावलं होतं. क्रांतिकारकांची जयंती करणाऱ्या आपल्या मंडळांत तो मजकूर मी वाचून दाखवतो, तेव्हा बऱ्याच जणांनी तो पहिल्यांदाच ऐकलेला असतो.

गोव्याचंही तसंच. आझाद गोमंतक दलाने हत्यार घेतलं, आणि १५ ऑगस्ट १९५५ ला निःशस्त्र सत्याग्रही सीमा ओलांडून पोर्तुगीजांच्या गोळ्यांना सामोरे गेले. शेवटी १९ डिसेंबर १९६१ ला सैन्याने गोवा मुक्त केला. कोणामुळे झाला याचं सरळ उत्तर कोणी देत असेल तर सावध राहा.

आज मत आहे, न्यायालय आहे, माहितीचा अधिकार आहे. ते रडतखडत चालतात हे मान्य. तरीही पिस्तूल उचलणाऱ्याने कान्हेऱ्यांचं नाव घेऊ नये, त्याला ते नाव घेण्याचा हक्क नाही.

१०. अहिंसा म्हणजे मगे मार खात गप रवाचा काय?

मालवणहून आलेला प्रश्न, जसा आला तसा ठेवला. याचं उत्तर महाडला आहे.

२० मार्च १९२७. डॉ. आंबेडकर हजारो माणसांसह चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. कायद्याने ते तळं सगळ्यांना खुलं होतं, नगरपालिकेने तसा ठरावही केला होता, पण अस्पृश्याने तिथलं पाणी प्यावं हे गावाला मानवणारं नव्हतं. पाणी पिऊन लोक मंडपात परतले, जेवणाची गडबड सुरू झाली, आणि गावात आवई उठली की आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार. लाठ्याकाठ्या घेऊन जमाव आला. जेवत असलेल्यांना मारलं, अन्न मातीत मिसळलं, गावाकडे एकट्यादुकट्याने परत निघालेल्यांना वाटेत गाठून झोडपलं.

आता हे लक्षात घ्या की मार खाणाऱ्यांत लष्करातून निवृत्त झालेले महार सैनिक होते. त्यांना लढणं ठाऊक होतं, संख्याही मोठी होती, आणि डाक बंगल्यापाशी जमून ते फक्त एका शब्दाची वाट बघत होते. बाबासाहेबांनी तो शब्द दिला नाही. शांत राहायला सांगितलं, मग पोलिसांत तक्रारी दिल्या, खटले चालवले. दंगलखोरांपैकी काहींना शिक्षा झाल्या. डिसेंबरात ते पुन्हा महाडला आले आणि २५ तारखेला मनुस्मृती जाळली. तळ्याचा दावा दहा वर्षं लढले, आणि १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला.

यात गप बसणं कुठे आहे? मला तर हे त्या काळातलं सगळ्यांत आक्रमक राजकारण वाटतं. त्या संध्याकाळी महाडात प्रेतं पडली असती तर पाण्याचा हक्क बाजूला राहिला असता आणि पुढची पन्नास वर्षं ‘दंगल कोणी सुरू केली’ एवढंच बोललं गेलं असतं.

दुसरं उदाहरण अलिबागजवळच्या चरीचं. नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने १९३३ मध्ये पंचवीस गावांच्या शेतकऱ्यांनी खोतांच्या जमिनी कसायच्याच बंद केल्या. संप जवळजवळ सहा वर्षं चालला. घरात दाणा नव्हता, लोकांनी लाकूडफाटा विकला, खाडीतले खेकडे-मासे पकडून दिवस काढले, पण खोताच्या वाड्याला कोणी काडी लावली नाही. पुढच्या कुळकायद्याची वाट तिथून निघाली. आज कोकणात ज्या घराच्या सातबाऱ्यावर कूळ म्हणून नाव लागलं त्या घराने हे आपल्या मुलांना सांगायला हवं. शाळेच्या पुस्तकातल्या दोन ओळींत ते मावत नाही.

११. आम्ही प्रकल्पाला विरोध केला की आम्हालाच देशद्रोही, दहशतवादी म्हणतात. मग?

विरोध हा दहशतवाद नाही. मोर्चा, धरणं, जमीन मोजणी अडवणं, काळे झेंडे, यांपैकी काही गोष्टींत कायदा मोडला जाईलही, पण त्यात निरपराधाला मारून घाबरवणं नाही. जैतापूरचा अणुऊर्जा प्रकल्प आणि बारसूचा तेलशुद्धीकरण प्रकल्प या दोन्ही ठिकाणी लोकांनी जे प्रश्न विचारले ते मासेमारीचे, जमिनीचे, कातळशिल्पांचे होते. त्यांना उत्तर द्यायच्या ऐवजी नावं ठेवणं सोपं जातं.

सरकारी बळाचा वापरही राजकीय हिंसा ठरू शकतो. १८ एप्रिल २०११ रोजी जैतापूर आंदोलनाच्या काळात नाटे इथे जमाव पोलीस ठाण्यावर चालून गेला, गोळीबार झाला आणि एक तरुण मेला. दोन्ही गोष्टी सांगितल्या पाहिजेत, आधी काय झालं तेही आणि शेवटी कोण मेला तेही. ज्या दिवशी दगड पडतो त्या दिवसापासून बातमी प्रकल्पाची राहत नाही, हे आंदोलनातल्या बायकांनी मला पुरुषांपेक्षा स्पष्ट सांगितलं आहे.

१२. अतिरेक्याला गोळी घालणं हीही हिंसाच ना? मग हिंसा नाकारायची म्हणजे काय करायचं?

हल्ला चालू असताना तो थांबवण्यासाठी वापरलेलं बळ आणि राजकीय मागणीसाठी केलेला खून यांत मी गल्लत करत नाही. गांधीजींचे सगळे अनुयायी याच्याशी सहमत होणार नाहीत, हे जाणून लिहितो.

सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे, जावळी तालुक्यातल्या केडंब्याचे. २६/११ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर अडवलेल्या गाडीजवळ ते गेले तेव्हा त्यांच्या हातात काठी होती. कसाबने रायफल रोखली, ओंबळ्यांनी तिची नळी धरली आणि गोळ्या अंगावर घेऊनही सोडली नाही. बाकीच्या पोलिसांना तेवढा वेळ पुरला, कसाब जिवंत सापडला. तो जिवंत सापडला म्हणून कट कुठे शिजला, बोट कुठून निघाली, हे उघड्या न्यायालयात मांडता आलं. त्याला वकील दिला गेला, तीन पायऱ्यांवर सुनावणी झाली आणि २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशी झाली. फाशीबद्दल माणसांची मतं वेगळी असू शकतात, माझं स्वतःचं मत फाशीच्या बाजूचं नाही. खटला चालवला हे मात्र देशाने केलेलं फार मोठं काम होतं यात मला शंका नाही.

१३. पण खटल्यात चुकीचा माणूस अडकला तर?

अडकतो. मालेगावच्या २००६ च्या स्फोटांत पकडलेले नऊ मुसलमान तरुण काही वर्षं तुरुंगात राहिले आणि २०१६ मध्ये न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केलं. ११ जुलै २००६ च्या लोकल स्फोटांत बारा जणांना खालच्या न्यायालयाने दोषी ठरवलं, पाच जणांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ ला उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष सोडलं. काही दिवसांतच सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवलं नाही. त्याच महिन्याच्या अखेरीस मालेगावच्या २००८ च्या खटल्यात सातही आरोपी सुटले.

एका निकालावर टाळ्या आणि दुसऱ्यावर शिव्या, असं दोन्ही बाजूंनी झालं. ज्यांचं माणूस लोकलमध्ये गेलं किंवा भिक्कू चौकात गेलं त्या घरांना मात्र दोन्ही वेळा एकच उत्तर मिळालं, की कोणी केलं ते सिद्ध झालं नाही. तपास धड व्हावा ही मागणी पीडितांचीही आहे आणि निर्दोषांचीही. ती दोघांनी एकत्र केली तर तिला जोर येईल. ‘आधी लटकवा, मग बघू’ म्हणणारा दोघांचंही नुकसान करतो.

१४. माझा मुलगा रात्र रात्र मोबाइलवर चिथावणीखोर व्हिडिओ बघतो, बोलण्यात ‘त्यांना धडा शिकवला पाहिजे’ असं येतं. पोलिसांत जाऊ का?

हा प्रश्न आयांकडून येतो, मोहल्ल्यातून आणि आळीतूनही. फक्त ‘ते’ बदलतात.

मे २०१४ मध्ये कल्याणचे चार शिकलेसवरलेले तरुण यात्रेच्या निमित्ताने इराकला गेले आणि आयसिसकडे वळले. ऑगस्ट २०१८ मध्ये नालासोपाऱ्यात एका घरातून गावठी बॉम्ब आणि ते बनवायचं साहित्य दहशतवादविरोधी पथकाने (एटीएस) जप्त केलं, तिथे विचारसरणी अगदी दुसऱ्या टोकाची होती. दोन्ही ठिकाणी शेजारी म्हणाले, पोरगं चांगलं होतं.

नुसतं बघणं आणि रागाने बोलणं हा गुन्हा नाही. पहिल्या दिवशी पोलीस ठाणं गाठू नका. मोबाइल हिसकावून घेऊ नका, तो मित्राच्या मोबाइलवर बघेल. त्याच्याजवळ बसून तेच व्हिडिओ बघा आणि विचारा, हे कोणी बनवलं, कुठलं आहे, कधीचं आहे. बरेचदा दुसऱ्याच देशातलं जुनं चित्रण असतं. त्याला मान असलेला कोणी मामा, सर, मौलवी, भजनी मंडळातले बुवा असतील तर त्यांना घरी बोलवा. मुलगा रिकामा असतो, कोणी त्याला विचारत नसतं, आणि पडद्यावरचा माणूस त्याला ‘तू महत्त्वाचा आहेस’ असं सांगतो. ते घरातून सांगितलं गेलं पाहिजे. त्याला नाक्यावरच्या क्रिकेटमधून, नाटकाच्या तालमीतून, नौकेवरच्या कामातून तोडू नका. महाराष्ट्र एटीएसनेही वाट चुकू लागलेल्या तरुणांना घरच्यांच्या आणि धर्मगुरूंच्या मदतीने परत आणण्याचं काम केलेलं आहे, त्यामुळे त्यांच्याशी बोलणं म्हणजे थेट अटक असंही नाही.

काही खुणा मात्र वेगळ्या आहेत. जुने मित्र एकदम तुटले, पैसे कुठून येतात ते सांगत नाही, रसायनं किंवा तारा खोलीत दिसल्या, अचानक देणीघेणी मिटवायला लागला, कोणाचं नाव घेऊन तारीख बोलला. तेव्हा एक दिवसही थांबू नका, ११२ लावा किंवा ओळखीच्या वकिलाला सोबत घेऊन ठाण्यात जा आणि जे स्वतः बघितलं तेवढंच लेखी द्या, त्याची पोच घ्या.